पोटखराब्यातील संपत्ती

सात-बाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाची एक नोंद असते. लागवडीस अयोग्य ठरलेली, आणि म्हणून आकारणीतून वगळलेली जमीन तेथे दाखविली जाते. गावच्या गायरानाची नोंद वेगळी असली तरी तिच्यामागील दृष्टी निराळी नाही. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती खराब, ज्या जमिनीवर पीक नाही ती पडीक, आणि जिच्यावर झाड नाही ती उजाड, अशी ही सरकारी शब्दसंपदा आहे. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हे शब्द इतक्या सहजपणे वापरले गेले आहेत की ज्यांचे पोट त्या जमिनीवर चालले, त्यांच्याही तोंडी ते बसले. पण शब्द निरुपद्रवी नसतात. जमिनीला एकदा ‘पडीक’ म्हटले की तिच्यावर काहीही करणे हा उपकार ठरतो, आणि त्यात काय नष्ट झाले हे विचारण्याचे कोणास कारण उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ साली ठराव करून २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून ठरविले. अशी वर्षे समारंभांत संपतात, हा अनुभव नवा नाही. तथापि महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुक्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या निमित्ताने एका दीर्घकालीन बदलाचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. दख्खनच्या अर्धशुष्क माळरानांवरील वनस्पतींचे वैविध्य पिढ्यान्‌पिढ्या घटत आले आहे. ही घट निसर्गाच्या लहरीमुळे झालेली नाही. ती महसुलाच्या, सिंचनाच्या, वृक्षारोपणाच्या आणि मालकीहक्काच्या निर्णयांतून झाली आहे; म्हणून तिचा विचार केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांवर सोपविता येणार नाही.

माळावर काय असते

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा पट्टा लागतो. इंदापूर, बारामती, दौंड, माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, करमाळा, कर्जत, आष्टी, भूम ही या पट्ट्यातील नावे महाराष्ट्राला दुष्काळाच्या बातम्यांमुळेच ठाऊक आहेत. वर्षाला सामान्यतः पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. खाली काळा पाषाण आणि त्यावर वीतभर मुरमाड माती. चैत्र-वैशाखात हा माळ पाहणाऱ्यास पिवळी कुसळे आणि उघडे दगड यांखेरीज काही दिसत नाही. याचे कारण माळाची संपत्ती बहुतांशी जमिनीखाली असते. पवना, मारवेल, डोंगरी यांसारख्या बहुवर्षायू गवतांची ठोंबे, मुसळी आणि रानकांदा यांचे कंद, खरचुडीच्या गड्ड्या हे सारे आठ महिने मातीत दबा धरून राहते आणि वळिवाच्या पहिल्या सरींनंतर वर येते. मेंढरांमागे हिंडणाऱ्या पोरांना खरचुडीचा कंद कोठे खणावा हे ठाऊक असते. पाथरी, घोळ, कुरडू, टाकळा या भाज्या मजुरीवरून परतणाऱ्या बायकांच्या ओच्यात येतात. त्यांची किंमत कोणत्याही बाजारभावाच्या तक्त्यात सापडणार नाही.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या विद्यमाने १९५४ ते १९६२ या काळात देशातील गवताळ प्रदेशांची पाहणी झाली आणि दबडघाव व शंकरनारायण यांनी तिचे निष्कर्ष १९७३ साली ग्रंथरूपाने मांडले. त्यांनी देशातील गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार केले. पवना आणि मारवेल या गवतांवरून ओळखला जाणारा, द्वीपकल्पाचा बहुतेक भाग व्यापणारा प्रकार त्यांपैकी एक. या एका प्रकारात २४ बहुवर्षायू गवते, ८९ वर्षायू गवते आणि १२९ द्विदल वनस्पती त्यांनी नोंदविल्या; द्विदलांपैकी ५६ शेंगवर्गीय होत्या. मेंढीच्या चाऱ्यातील प्रथिने आणि मातीतील नत्र यांची तजवीज या शेंगवर्गीय वनस्पती करतात. ज्या जमिनीला दप्तरात ‘खराबा’ म्हटले आहे, तिच्यातील भांडवल हे असे आहे.

गवताचे रान म्हणजे एकसुरी आणि दरिद्री, तर जंगल म्हणजे समृद्ध, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. जगातील निरनिराळ्या ठिकाणी ठरावीक क्षेत्रात जास्तीत जास्त किती वनस्पतिजाती आढळल्या, याचे एक संकलन २०१२ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या क्षेत्रांचे विक्रम अपेक्षेप्रमाणे उष्ण कटिबंधातील वर्षावनांच्या नावावर होते. परंतु सुमारे पन्नास चौरस मीटरांहून लहान क्षेत्रांचे विक्रम समशीतोष्ण प्रदेशातील गवताळ रानांकडे होते. अर्जेंटिनातील एका डोंगरी गवताळ रानात एका चौरस मीटरमध्ये ८९ जाती मोजल्या गेल्या. दख्खनचा माळ या पंक्तीत बसणारा नाही, तशी अपेक्षाही करण्याचे कारण नाही. परंतु गवत म्हणजे वनस्पतींचे दारिद्र्य, हा सिद्धान्त यानंतर टिकत नाही.

उजाड जंगल की जुना माळ?

वृक्षारोपणाच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो. हे माळ म्हणजे मुळात जंगलच होते, माणसाने ते तोडले आणि शेळ्यामेंढ्यांनी ते पुन्हा वाढू दिले नाही, असे सांगितले जाते. काही उतारांबाबत हे खरे असेलही. पण सरसकट सर्व माळांबाबत ते खरे नाही, याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी मौखिक व लिखित परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले आणि २०२५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या उल्लेखांत उघड्या, सूर्यप्रकाशी माळावर वाढणाऱ्या तरवडासारख्या वनस्पतींचे प्रमाण मोठे आहे. पश्चिम महाराष्ट्रातील हे माळ निदान साडेसातशे वर्षे माळच आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे आगगाडीच्या रुळांसाठी झाडे तोडली गेली त्याच्या कितीतरी आधीपासून हा प्रदेश गवताचा होता.

इतिहासाच्या जाणकारांना याचे नवल वाटू नये. मराठ्यांच्या घोडदळाला भीमथडीची तट्टे पुरविणारा प्रदेश हाच. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत घोडा पोसला गेला तो तेथील गवतावर. पेशवाईत कुरणे राखली जात ती या गवताचे मोल राज्यकर्त्यांना कळत होते म्हणून. गवताला ‘पडीक’ ठरविणारा हिशेब त्यानंतर आला.

सारा, नांगर आणि पाणी

हा हिशेब आला त्याची जागाही निश्चित सांगता येते. पेशवाईच्या अस्तानंतर १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने पुणे प्रांताची पाहणी केली. रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताचा आधार घेऊन त्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. पुस्तकातला सिद्धान्त मुरमाड जमिनीवर कोसळला. रयतेने जमिनी टाकल्या. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या पाहणीला प्रारंभ केला. मातीच्या खोलीवरून आणि पोतावरून जमिनीच्या प्रती लावल्या, आणेवारी ठरविली, सारा हलका करून तीस वर्षांसाठी कायम केला. रयतेला दिलासा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु या पद्धतीत जमिनीची प्रत ठरली ती केवळ नांगराच्या दृष्टीने. खोल काळी माती श्रेष्ठ आणि मुरमाड माळ कनिष्ठ. गवताची, कंदाची, शेंगवर्गीय वनस्पतींची आणेवारी कोणी लावली नाही. सारा हलका होताच माळाचा जो भाग नांगरणे शक्य होते तो नांगराखाली गेला. पुढे १८७८ च्या वनकायद्याने राहिलेल्या माळांपैकी पुष्कळ क्षेत्र वनखात्याच्या ताब्यात नेले आणि मेंढपाळ स्वतःच्याच रानात गुन्हेगार ठरला.

स्वातंत्र्यानंतर वेग वाढला. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या दोन्ही अंगांना ऊस पसरला. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने हलक्या जमिनीवर डाळिंब आणि बोर आणले. या योजनांनी अनेक कोरडवाहू कुटुंबांना आधार दिला. त्यांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्यापुढे यंत्रे आली. बुलडोझर आणि जेसीबी यांनी जे केले ते बैलाच्या नांगराला कधीच शक्य नव्हते. त्यांनी माळाचा मुरूम खरवडला, उंचवटे सपाट केले, वर तळ्यातला गाळ टाकला. बैलाच्या नांगराने सुटलेले बांध, टेपाडे आणि खडकाळ कोपरे हेच माळाच्या बियाण्याचे शेवटचे कोठार होते. यंत्राने नेमके तेच साफ केले.

उरलेल्या माळावर साहजिकच जनावरांचा भार वाढला. अतिचराईचा परिणाम शास्त्रज्ञांनी पूर्वीच नोंदविलेला आहे. प्रथम पवन्यासारखी चविष्ट बहुवर्षायू गवते मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. भार तसाच राहिला तर तीही जाते आणि चार महिन्यांत वाळून जाणारी बारीक वर्षायू कुसळे तेवढी उरतात. कुसळीचे अणकुचीदार बी मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत रुतते, हे प्रत्येक धनगराला माहीत असते. म्हणजे अतिचराई हे खरे दुखणे आहे. पण ते मेंढपाळाच्या हावेतून आले, असे म्हणणे हा उलटा न्याय झाला. शंभर एकरांवरची जनावरे तीस एकरांत कोंडल्यावर जे होणार तेच झाले.

या कोंडीची मोजदाद अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी १९८६ साली केली. देशाच्या कोरडवाहू भागांतील, महाराष्ट्रासह सात राज्यांतील ऐंशीहून अधिक गावांचा त्यांनी अभ्यास केला. १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत गावांच्या सामाईक जमिनी मोठ्या प्रमाणात घटल्या होत्या. वाटप झाले ते गरिबांच्या नावाने; पण वाटलेल्या जमिनीचा मोठा हिस्सा सुस्थितीतील घरांकडेच गेला. आणि ज्या गरिबांच्या उत्पन्नाचा लक्षणीय भाग या सामाईक जमिनींतून येत होता त्यांच्या हाती कोरडे तुकडे उरले. माळ हे भूमिहीनाचे न नोंदलेले शेत होते. ते गेले तेव्हा कोणत्याही आकडेवारीत घट दिसली नाही, कारण ते कधी आकडेवारीत नव्हतेच.

बारा, आठ, सहा, तीन

गेलेल्या वैविध्याचे मोजमाप आता उपलब्ध आहे. नेर्लेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात वार्षिक ४५७ ते १,९५४ मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात चार प्रकारच्या जमिनी तपासल्या. कधीही न नांगरलेला जुना माळ, झाडे लावलेला माळ, नांगरून पुढे पडीक टाकलेली जमीन आणि चालू शेती अशा प्रत्येक प्रकारची पंधरा ठिकाणे त्यांनी घेतली. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. जुन्या माळावर एका चौरस मीटरमध्ये सरासरी बारा देशी वनस्पतिजाती आढळल्या. झाडे लावलेल्या माळावर आठ, पडीक टाकलेल्या शेतात सहा आणि चालू शेतात तीन. जुन्या माळावर परक्या तणांचा मागमूस जवळजवळ नव्हता. बाकीच्या जमिनींत ती शिरलेली होती. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रथम नोंदले गेलेले आणि लोकांनी ज्याला काँग्रेस गवत असे नाव दिले ते गाजर गवत आज कोठे सर्वांत जोमाने वाढते, हे पाहण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. उकरलेली, उघडी पडलेली जमीन हे त्याचे माहेर आहे.

या आकड्यांत ‘सहा’ हा आकडा सर्वांत बोलका आहे. पडीक टाकलेले शेत दुरून पाहिले तर माळासारखेच दिसते. गवत वाढते, जनावरे चरतात. पण त्यात जुन्या माळाच्या निम्म्याच जाती असतात. एकदा नांगर फिरला की बहुवर्षायू गवतांची ठोंबे आणि कंद तुटतात, आणि त्यांपैकी अनेक वनस्पती बियाण्यावर नव्हे तर जमिनीखालच्या त्या साठ्यावरच जगत असतात. जगभरच्या ३१ अभ्यासांचा एकत्र विचार करणारा एक शोधनिबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. नष्ट झालेल्या गवताळ रानाला मूळचे वैविध्य परत मिळण्यास निदान शतक लागते आणि बहुधा हजारो वर्षे, असे त्यात म्हटले आहे. ऊस तोडला तर पुढल्या वर्षी पुन्हा लावता येतो. माळ एकदा खरवडला की तो नातवाच्या हयातीतही परत येत नाही. अर्थशास्त्रात झीज भरून येणारे भांडवल आणि कायमचे संपणारे भांडवल असा भेद करतात. माळाचे वैविध्य दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि तरीही त्याचा व्यवहार पहिल्यासारखा केला जात आहे.

झाडांचे राजकारण

नांगराचे निदान एक समर्थन आहे. त्यातून धान्य येते. माळावर ओळीने खड्डे आणि चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावण्याचे समर्थन मात्र केवळ आकड्यांचे आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्रावर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांवर गेली की ते क्षेत्र वनाच्छादनात मोजले जाते. झाड कोणत्या जातीचे आणि जमीन कोणाची याला महत्त्व नाही. साहजिकच पवन्याचा माळ मोजणीत शून्य आणि त्याच माळावरची निलगिरीची रांग वनाच्छादन. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहेतीस कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर केली. एवढ्या रोपांना जागा कोठून आणावयाची? उसाच्या फडात ती लावता येत नाहीत. ती गेली ‘पडीक’ म्हटलेल्या जमिनीवर.

याला २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याची जोड मिळाली. एका ठिकाणी खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी जंगल तोडावयाचे आणि त्याच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावावयाची. हे दुसरे ठिकाण अनेकदा एखादा गवताळ माळ असतो. जंगल गेले ते गेलेच, आणि माळही गेला. दोन नुकसानींची बेरीज वहीत मात्र शून्य दाखविली जाते. हवेतील कर्ब शोषण्यासाठी झाडे हवीत, असे आता वरून सांगितले जाते. परंतु गवताळ रान आपला कर्ब मुख्यतः मुळांत आणि मातीत ठेवते. तो साठा दुष्काळात वाळून जात नाही की वणव्यात जळत नाही. पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात पाणी ओढणारी झाडे लावण्यासाठी माती उकरणे, हा कर्ब वाचविण्याचा मार्ग कसा ठरतो याचे उत्तर योजनाकारांनी द्यावयाचे आहे.

देशभरचे चित्र याहून निराळे नाही. वाळवंटीकरणविरोधी आंतरराष्ट्रीय कराराखाली २०१९ साली भारत सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१५ या दहा वर्षांत देशातील गवताळ क्षेत्र सुमारे १८० लाख हेक्टरांवरून सुमारे १२३ लाख हेक्टरांवर आले. दहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश घट! एवढ्या प्रमाणात जंगल गेले असते तर संसदेत गदारोळ झाला असता. गवत गेले, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

भूमिहीनाचा प्रश्न

येथे एका अवघड प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. तो टाळून माळाची बाजू घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. गायरानावर दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी शेती केली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह महाराष्ट्राच्या इतिहासातील गौरवाची पाने आहेत. ज्यांना शतकानुशतके वीतभर जमीन मिळू दिली नाही त्यांनी गायरानाचा तुकडा कसला, तर आज त्यांना ‘माळ वाचवा’ म्हणून उठविणे हा घोर अन्याय होईल. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. पण शासकीय आदेशान्वये भूमिहीनांना किंवा अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालातच मान्य केलेला आहे. अतिक्रमण हटविण्याची नोटीस झोपडीवर आधी लागते आणि गावच्या पुढाऱ्याच्या गोदामावर कधीच लागत नाही, हा अनुभव मात्र सार्वत्रिक आहे.

म्हणून प्राधान्यक्रम स्पष्ट हवा. भूमिहीनाला जमीन मिळावयाची ती कमाल धारणेपेक्षा जास्त असलेल्या आणि पळवाटांनी दडविलेल्या जमिनीतून. कसदार जमीन धनिकाकडे ठेवून गरिबाला खडकावर पाठविणे हे भूमिसुधारणेचे विडंबन आहे. जो गायरानाचा तुकडा कसून पोट भरत आहे त्याच्या हक्काला धक्का लागता कामा नये. परंतु जो माळ अजून नांगरलेला नाही, तो सामाईक म्हणूनच राहिला पाहिजे. त्याच्यावर आज चालून येत आहे तो भूमिहीन नव्हे. येत आहेत ते औद्योगिक वसाहती, भूखंडांचे व्यापारी, आणि आता सौर प्रकल्प. कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ साली विस्तारलेल्या सौर कृषिवाहिनी योजनेचा हेतू चांगला आहे. पण त्यासाठी शासकीय आणि गायरान जमिनी सर्वांत सोप्या म्हणून निवडल्या जातात. २०१७ साली जमीन महसूल संहितेत घातलेल्या कलम २२-अ ने गायरानाच्या अन्य वापरावर मर्यादा घातली. पण सार्वजनिक प्रयोजनांचा अपवाद ठेवून दार उघडेच राहिले. सौर पट्ट्या कालव्यांवर, गोदामांवर, साखर कारखान्यांच्या छपरांवर बसविता येतात. पवना मात्र छपरावर उगवत नाही.

कुंपण हा उपाय नव्हे

संरक्षण म्हणजे कुंपण घालून मेंढपाळाला बाहेर काढणे, असा एक समज सुशिक्षितांत आहे. या उपायाची परीक्षा अन्यत्र होऊन गेली आहे. मध्य यूरोपात चुनखडीच्या उतारांवर अशीच अर्धशुष्क गवताळ राने आहेत. शतकानुशतकांची मेंढ्यांची चराई आणि वर्षातून एकदा होणारी कापणी यांनी ती घडविली. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर आली, मेंढपाळी परवडेनाशी झाली. चांगल्या जमिनींवर रासायनिक खते पडली आणि उतारांवरची चराई थांबली. दोन्हींचा परिणाम एकच झाला. उंच वाढणाऱ्या मोजक्या गवतांनी आणि झुडपांनी लहान वनस्पतींना झाकून टाकले. खताचा परिणाम काय होतो, हे इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८५६ पासून चाललेल्या कुरणावरील प्रयोगात दिसते. खत न दिलेल्या तुकड्यांत आजही चाळीसच्या आसपास जाती आहेत. भरपूर नत्र दिलेल्या काही तुकड्यांत मूठभर उरल्या. आज त्याच यूरोपात अशा उतारांवर मेंढ्या परत आणण्यासाठी मेंढपाळांना सरकारी पैसे दिले जातात.

महाराष्ट्रातील दाखला अधिक कडवट आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे अभयारण्य कागदावर जाहीर झाले. गावेच्या गावे त्यात आली, शेतकऱ्यांच्या जमीनव्यवहारांवर निर्बंध आले, रोष वाढला, आणि अखेरीस ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणावे लागले. दरम्यान माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. लोकांना वगळून केलेले संरक्षण लोकांचेही राहत नाही आणि पक्ष्याचेही. माळाला चराई हवी. पण ती फिरती हवी. पावसाळ्यात गवताला बी धरू द्यावयाचे आणि मग जनावर घालावयाचे, हा धनगरांच्या भटकंतीतच असलेला नियम आहे. दिवाळीनंतर कोकणात किंवा काळ्या रानात उतरणारे आणि पावसाच्या तोंडाला माळावर परतणारे कळप शेतात मेंढ्या बसवून खतही देत आले आहेत. ही भटकंती अडविली की माळावर बारमाही भार पडतो. मेंढपाळाची वाट मोकळी ठेवणे हे माळाचे पहिले संरक्षण आहे.

करण्याजोगे

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न परिसंवादात नेण्याआधी ग्रामसभेत न्यावा. गावात कधीही न नांगरलेला माळ किती उरला आहे, तो कोणाच्या नावे आहे, आणि त्यावर कोणत्या योजनेची नजर आहे, हे गाव नमुन्यातून आणि प्रत्यक्ष पायी फिरून नोंदविणे हे पहिले काम. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावयास हवी. ती कंत्राटदाराकडून भरून घेण्याऐवजी धनगर, रामोशी, मांग, महादेव कोळी अशा माळाशी नाते असलेल्या घरांतील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून भरून घ्यावी. कोणते गवत कोठे होते आणि कधी दिसेनासे झाले, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. ही नोंद न्यायालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर पुरावा म्हणून उभी राहू शकते.

दुसरे, सार्वजनिक मजुरीच्या कामांत माळावर खड्डे खणण्याऐवजी वेडी बाभूळ आणि गाजर गवत काढणे, पवना-मारवेलाचे बी गोळा करून उकरलेल्या जमिनीत पेरणे, ही कामे धरावीत. मजुरी तीच मिळेल, पण माळ शाबूत राहील. तिसरे, वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरविताना गवताळ रानांना वगळण्याची आणि महसुली नोंदीत ‘गवताळ रान’ असा स्वतंत्र वर्ग करण्याची मागणी लावून धरावी. ज्याचे नाव दप्तरात नाही त्याचे रक्षण कायदा करीत नाही.

गोल्डस्मिड-विंगेट यांनी इंदापूरच्या माळावर आणेवारी लावली त्याला १९० वर्षे होत आली. तो हिशेब सरकारच्या तिजोरीसाठी होता, आणि त्यात माळाच्या वाट्याला ‘खराबा’ हा एकच शब्द आला. आता दुसरा हिशेब मांडावयाचा आहे. तो त्या जमिनीवर ज्यांची मेंढरे चरतात, ज्यांच्या बाया भाजी खुडतात आणि ज्यांची पोरे खरचुडी खणतात त्यांच्या बाजूने असला पाहिजे. माळाचे वैविध्य सामाईकपणातून टिकले आणि सामाईकपण मोडले तसे ते ओसरले. एका चौरस मीटरात उरलेल्या त्या बारा जाती टिकवावयाच्या असतील तर तो चौरस मीटर गावाचा राहिला पाहिजे.